उपकारस्तुती कशी करायची: मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

लग्न होऊन नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात आले तेव्हा प्रार्थनेतलं मला एक ‘आमेन’ तेवढं कळायचं. माहेरी हरिपाठ, एकादशी, गणपतीचे दहा दिवस. नवरा म्हणाला होता, घाई नाही, तुझ्या गतीने ये. मंडळी, म्हणजे चर्चमधली माणसं, मात्र तेवढी थांबायला तयार नव्हती. तिसऱ्याच महिन्यात महिला मंडळाच्या गुरुवारच्या सभेत पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या, चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नीने, माझ्याकडे पाहून जाहीर केलं, “आता नव्या सूनबाई उपकारस्तुती करतील.” म्हणजे चारचौघांत देवाचे आभार मानायचे.

मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि म्हणाले, “देवा, सगळ्यासाठी तुझे आभार. आमेन.” आणि खाली बसले. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “सगळ्यासाठी म्हणजे कशासाठी गं?”

मला सांगता आलं नाही. बाप्तिस्म्याच्या आधी वर्ग होतात. त्यात दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (आपण काय मानतो त्याची ठरलेली कबुली) पाठ करून घेतात. उपकारस्तुती मात्र ज्याची त्याला येईलच असं धरून चालतात. मला ती यायला बरीच वर्षं लागली आणि मधे एक मोठी चूकही झाली. ती पुढे सांगते. तुम्ही नव्याने मंडळीत आला असाल, बाप्तिस्मा घेऊन किंवा माझ्यासारखे लग्न करून, तर खालच्या क्रमाने जा.

लागणारं सामान

- शंभर पानी वही. डायरी नको, तारखा छापलेल्या असल्या की रिकामी पानं डोळ्यांत खुपतात.
- पेन. मोबाइलवर लिहून पाहिलं, पण चार मिनिटांत मी व्हॉट्सॲपवर असते.
- पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. सुरुवातीला स्तोत्रसंहिता आणि लूकचं शुभवर्तमान एवढं पुरतं.
- ‘उपासना संगीत’. आमच्याकडे रविवारी हेच गीतांचं पुस्तक हातात असतं. त्यात कवी ना. वा. टिळकांची पुष्कळ पदं आहेत. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पदांचं वळण ओवी-अभंगाचंच राहिलं. हरिपाठ ऐकत वाढलेल्या मला पहिल्यांदा ‘आपलं’ काही वाटलं ते या पदांत. तुम्हीही तिथून सुरुवात करा.
- साधी पाकिटं, डझनभर.
- एक स्टीलचा डबा. कशाला, ते शेवटच्या पायरीत.

१. आधी ‘उपकार’ या शब्दाशी ओळख करून घ्या

बोलण्यातल्या मराठीत हा शब्द जड आहे. माणूस उपकाराखाली दबतो, उपकाराचं ओझं होतं, ‘माझ्यावर उपकार करतोस का?’ हे तर भांडणातलंच वाक्य. कोणाचे उपकार घेऊ नयेत, घेतलेच तर फेडून मोकळं व्हावं, हे आपण घरातच शिकतो. हा सगळा हिशेब डोक्यात घेऊन आपण चर्चमध्ये येतो आणि देवाच्या उपकारांचीही फेड करायला बघतो. मीही बघत होते. मुलगी झाली तेव्हा मी महिनाभर रोज पहाटे उठून एक तास प्रार्थना केली. प्रेमाने केली असं नाही, हप्ता भरावा तशी केली. महिना संपला आणि प्रार्थनाही संपली.

स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र ११६ काढून वाचा. हा कवी मरणाच्या दारातून परत आलेला आहे. तो स्वतःलाच विचारतो, परमेश्वराने एवढे उपकार केले, मी त्याला काय देऊ? आणि पुढच्याच ओळीत म्हणतो, मी तारणाचा प्याला हाती घेईन. म्हणजे प्रश्न देण्याचा आणि उत्तर घेण्याचं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ओळ चुकली की काय असं वाटलं. पण तसंच आहे. फेड होत नाही. पुढे केलेला प्याला घ्यायचा, आणि कोणाकडून घेतला ते चारचौघांत सांगायचं. ख्रिस्ती उपकारस्तुतीचा सांगाडा एवढाच.

इथे फसतात: नवस. त्याच स्तोत्रात कवी नवस फेडण्याचंही बोलतो, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. पण तो आधी सुटला आहे आणि मग लोकांसमोर बोलतो आहे. ‘मुलगा पास झाला तर एक हजार एक’ असा करार त्यात नाही. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इफ्ताहाची गोष्ट आहे. जिंकलो तर घरातून जे प्रथम सामोरं येईल ते अर्पण करीन, असं त्याने बोलून ठेवलं आणि सामोरी आली ती एकुलती एक मुलगी. देवाने हा नवस मागितल्याचं त्या अध्यायात कुठेही नाही. करार करायची हुक्की आली की तो अध्याय वाचायचा.

२. रोज तीन नावं लिहा

रोज रात्री वहीत तीन ओळी. प्रत्येक ओळीत एक नाव हवं: माणसाचं, वस्तूचं, जागेचं किंवा वेळेचं. ‘कुटुंबासाठी आभार’ चालणार नाही. ‘दुपारी दोन वाजता लाइट गेली तेव्हा शेजारच्या काकूंनी न मागता पाण्याची कळशी आणून ठेवली’ हे चालेल. आजींच्या प्रश्नाची परीक्षा लावा. ‘म्हणजे कशासाठी गं?’ असं विचारता येत असेल तर ओळ अजून कच्ची आहे.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही, शास्त्राचीच रीत आहे. स्तोत्र १०३ मध्ये दावीद आपल्या जिवाला सांगतो की परमेश्वराचे उपकार विसरू नकोस, आणि लगेच एकेक मोजायला घेतो: अपराधांची क्षमा, रोगातून बरं होणं, गर्तेतून सुटका. स्तोत्र १३६ मध्ये सव्वीस ओव्या, म्हणजे वचनं, आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी त्याची दया सनातन असल्याचं पालुपद. आमच्या चर्चमध्ये ते वाचताना मुलं कंटाळतात, मोठेही कंटाळतात, खोटं कशाला सांगू. पण पालुपदाच्या आधीचा अर्धा भाग बघा. सूर्य वेगळा, चंद्र वेगळा, तांबडा समुद्र वेगळा, आणि पुढे तर अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि बाशानाचा राजा ओग! ‘सगळ्या शत्रूंपासून सोडवलं’ एवढ्यावर भागलं असतं. भागवलं नाही. त्या राजांची नावं तीन हजार वर्षांनी नगर जिल्ह्यातल्या एका चर्चमध्ये दर वर्षी वाचली जातात, ती कोणीतरी नावानिशी आभार मानले म्हणून.

वसईकडची माझी एक कॅथलिक मैत्रीण हेच दुसऱ्या वाटेने करते. इग्नेशियस लोयोला या सोळाव्या शतकातल्या संताने रात्रीच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या, त्यातली पहिली पायरी देवाचे आभार मानण्याची. चुका मोजायच्या त्या नंतर. क्रम मुद्दाम तसा आहे, असं ती म्हणते. मला पटतं. मी आधी चुका मोजायचे, आणि मग आभार मानायला अंगात काही उरायचंच नाही.

इथे फसतात: पंधरा दिवसांत वही खरेदीची यादी होते. नवीन फ्रिज, गाडीचा हप्ता संपला, पगारवाढ. लिहा, त्यात पाप नाही. पण सलग चार दिवस पैशांनी मिळालेल्याच गोष्टी दिसल्या तर पाचव्या दिवशी एक पैसाही न लागलेली गोष्ट शोधायची. आणि दिवस चुकला तर चुकला. मागच्या तारखा भरून काढू नका. ती शाळेतल्या शुद्धलेखनाची सवय आहे.

३. जेवणाची प्रार्थना वाचवा

घरात सर्वांत जास्त वेळा होणारी उपकारस्तुती हीच, आणि सर्वांत लवकर गुळगुळीत होणारीही हीच. आमच्याकडे तर एका दमात होते, शेवटचा शब्द आणि पहिला घास यांत फट नसते.

दोन उपाय सांगते. एक, कधीकधी प्रार्थना जेवण झाल्यावर करा. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, ८:१० मध्ये, खाऊन तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद करायला सांगितलं आहे, आणि यहुदी लोक आजही जेवणानंतरची प्रार्थना म्हणतात. भुकेल्या पोटी देव आठवतो. पोट भरल्यावर आठवण ठेवावी लागते. दुसरा उपाय, ताटातल्या एका पदार्थाचं नाव घ्या. आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना “कारल्यासाठी आभार मानणार नाही” म्हणून अडून बसला होता. सासूबाईंनी त्याला कांद्यासाठी मानायला लावले.

प्रभूची गोष्टही इथेच सांगते. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांसमोर जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत. येशू उपकारस्तुती करतो ती त्या पाचांवर, पुरणार नाहीत अशा असताना. वाढून झाल्यावर नाही. पुढे धरून दिला जाण्याच्या रात्री तो पुन्हा भाकर हातात घेतो आणि उपकारस्तुती करून मोडतो. त्या रात्रीच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या प्रभुभोजनाला ‘यूखारिस्त’ म्हणतात ते ग्रीक शब्दावरून, आणि त्याचा अर्थच उपकारस्तुती. आपण ज्याला उपासनेचा गाभा म्हणतो त्याचं नाव आभार आहे, हे मला मंडळीत येऊन सहा वर्षं होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

४. सभेत उभं राहून बोलणं

आता अवघड पायरी. तुम्हाला कधीतरी उभं करणारच, तेव्हा तयारी असू द्या. तीन मिनिटं पुष्कळ झाली. असं बांधा:

काय झालं होतं, ते एका वाक्यात. कोण मदतीला आलं, ते नावानिशी. देवाचा हात कुठे दिसला, ते तुमच्या शब्दांत. मग थांबा. उपदेश पाळकसाहेब करतील.

लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी सगळ्यांना माहीत असतात. दहा शुद्ध झाले, एक परत आला, आणि तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. आपण त्या नऊ जणांना कृतघ्न म्हणून मोकळे होतो. पण ते निघाले होते कुठे? येशूनेच सांगितलं होतं, जाऊन याजकांना, म्हणजे मंदिरातल्या पुरोहितांना, दाखवा. शुद्ध झाल्याचं याजकाने ठरवल्याशिवाय गावात पाऊल टाकता येत नसे. म्हणजे ते नऊ जण सांगितलेलं कामच करत होते, कागदपत्रं पुरी करायला गेले होते म्हणा ना. वाईट माणसं नव्हती. कामात होती. मला त्या नवांत माझा चेहरा फार स्पष्ट दिसतो. दवाखान्यातून सुट्टी मिळाली की आपणही आधी बिल, मग मेडिक्लेमचे कागद, मग औषधं, मग रिक्षा. परत वळून कोण जातं?

आणि आता माझी चूक.

२०२१ सालच्या दुसऱ्या लाटेनंतर चर्च पुन्हा उघडलं. पहिल्याच रविवारी साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सभेत सांगायला, मी स्वतः हात वर केला. म्हणाले, आमच्या घरात सात माणसं, त्यांत दोन म्हातारी, पण देवाने एकालाही धक्का लागू दिला नाही, कारण आम्ही रोज रात्री एकत्र प्रार्थनेला बसत होतो. लोक ‘आमेन’ म्हणाले. दुसऱ्या बाकावर आमच्याच गल्लीतली एक ताई बसली होती. तिचा नवरा एप्रिलमध्ये गेला होता. तेही रोज रात्री प्रार्थनेला बसत. मला हे ठाऊक होतं, मीच त्यांच्याकडे दोनदा गेले होते. बोलून झाल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. ती गीताचं पुस्तक पिशवीत घालत होती. शेवटच्या गीताला थांबली नाही. बाहेर चप्पल शोधताना तिचा एक पाय बराच वेळ नुसता चाचपडत होता, ते मला खिडकीतून दिसलं.

त्या ‘कारण’ शब्दाने घात केला. लूकच्याच अठराव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियमांत काटेकोर असलेला यहुदी, प्रार्थनेला उभा राहतो, त्याची सुरुवात काय आहे? हे देवा, मी तुझे आभार मानतो. शब्द अगदी बरोबर आहेत. पुढचं वाक्य मात्र ‘मी इतरांसारखा नाही’. आभाराच्या वाक्यात दुसऱ्याची तुलना शिरली की ती परूश्याची प्रार्थना होते, मग ती कितीही रडून केलेली असो.

म्हणून तपासणी: बोलण्याआधी मनातल्या मनात तेच वाक्य त्या खोलीतल्या सर्वांत दुःखी माणसासमोर म्हणून बघा. तिथे म्हणता येत नसेल तर वाक्य बदला. ‘आम्ही वाचलो, का ते कळत नाही, देवाचे आभार मानतो’ हे कोणासमोरही म्हणता येतं.

५. दुःखात काय करायचं

१ थेस्सलनीकाकरांस ५:१८, प्रेषित पौलाच्या पत्रातलं. हे वचन तुम्हाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर, वाढदिवसाच्या केकवर आणि मयताच्या घरी, तिन्ही ठिकाणी भेटेल. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा.’ शब्द नीट वाचा. ‘स्थितीत’ आहे, ‘स्थितीबद्दल’ नाही. कॅन्सरबद्दल आभार मान, असं पौल इथे सांगत नाही. कॅन्सर असतानाही आभार मानायला काही उरतं, ते सोडू नको, असं म्हणतो. आता कोणी अभ्यासू माणूस इफिसकरांस ५:२० काढून दाखवेल, तिथे सर्व गोष्टींबद्दल असं आहे. आहे खरं. माझी समज एवढीच, की ते वचन ज्याने त्याने स्वतःला सांगावं. दुसऱ्याच्या घरी बसून त्याला सांगू नये.

येशूचं पाहा. लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी तो आधी रडतो आणि मग बापाचे आभार मानतो. योहान अकरावा अध्याय, पस्तिसाव्या ओवीत रडणं, एकेचाळिसाव्या ओवीत आभार. मधल्या ओव्या कोणी गाळत नाही, तर आपण का गाळायच्या?

हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायातही तेच. परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन असं तो म्हणतो, पण त्याआधी काय काय गेलं ते एकेक सांगतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. आमच्या भागात १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आहेत. ही ओवी वाचली की ती मान हलवतात, कारण यादी ओळखीची असते. जे गेलं त्याचंही नाव घ्यायचं. वाईट दिवशी वहीत डाव्या पानावर तेच लिहा. उजवं पान त्या दिवशी कोरं राहिलं तरी चालेल.

६. माणसांना सांगा

देवाचे आभार मानणारा माणूस घरात थँक्यू म्हणत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार. पण खरं सांगायचं तर मराठी घरात ‘आभारी आहे’ म्हटलं की माणसं बिचकतात. मी एकदा सासूबाईंना म्हणाले, “आई, तुमचे आभार.” त्या म्हणाल्या, “का? कुठे निघालीस?”

म्हणून शब्द सोडा, गोष्टीचं नाव घ्या. “आई, काल तुम्ही पोरांना झोपवलंत म्हणून मला दोन तास डोळा लागला.” यात आभार हा शब्द नाही, पण समोरच्याला पोचतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय लोक नावांची जंत्री म्हणून ओलांडतात. त्यात वीसहून जास्त माणसांची नावं आहेत, आणि पुष्कळांपुढे त्यांनी काय केलं तेही आहे. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली. रूफाची आई, जी मलाही आईसारखी. त्या माउलीने पौलासाठी काय केलं असेल? जेवू घातलं असेल, कपडे धुतले असतील. पत्रात तिला जागा मिळाली.

आठवड्याला एक माणूस ठरवा. चर्चमध्ये सतरंज्या घालणारा, पेटी वाजवणारा, माइकची वायर दर रविवारी जोडणारा मुलगा. त्या मुलाला मी एकदा म्हणाले की आज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. तो म्हणाला, “काकू, आवाज आला नाही की सगळे मागे वळून बघतात. आला तर कोणीच बघत नाही.”

७. अर्पण, पाकीट आणि हंगामाचा सण

रविवारी जाहीर होतं: अमुक कुटुंबाकडून मुलीच्या वाढदिवसानिमित्त उपकारस्तुतीचं अर्पण, रुपये पाचशे एक. नव्या माणसाला वाटतं हा दर ठरलेला आहे. नाही. दोन दमड्या टाकणाऱ्या गरीब विधवेचं दान येशूने श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठं म्हटलं, ती गोष्ट याच विषयावर आहे. पाकिटात जमेल ते घाला, वर निमित्त लिहा, आणि रक्कम जाहीर होऊ नये असं वाटत असेल तर आदल्या दिवशी सेक्रेटरींना सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं तर यादी आधीच पाळकसाहेबांच्या हातात गेलेली असते.

हंगामाच्या सणाला, म्हणजे पीक हाती आल्याच्या उपकारस्तुतीला, पैसे नव्हे, जिन्नस. ज्वारी, बाजरी, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, अंडी, कोंबडा. शहरातले लोक बिस्किटांचे पुडे आणतात. उपासनेनंतर लिलाव होतो, आणि तिथे एका लिंबाला पाचशे रुपये बोली लागलेली मी पाहिली आहे. ते लिंबाचे नसतात, मंडळीला द्यायचे असतात आणि द्यायला मजा येते. फक्त चढाओढ अंगावर आली की हात खाली घ्या. वसईच्या कॅथलिक गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेतात. तुमच्या मंडळीचा दिवस विचारून घ्या, सगळीकडे एकच नाही.

८. घरची उपकारस्तुतीची सभा

नवीन घर, दुखण्यातून उठणं, नोकरी, दहावीचा निकाल, काहीही निमित्त चालतं. पंधरा दिवस आधी पाळकसाहेबांची वेळ घ्या. शास्त्रभाग तुम्ही निवडा, गीतंही तुम्हीच निवडा. नाहीतर दर वेळची तीच तीन होतात. संध्याकाळी साडेसहा सांगितलं तर माणसं साडेसातला येतात, तेव्हा साडेपाच सांगा.

जेवण ठेवायचं की चहा-पोह्यांवर भागवायचं, यावर प्रत्येक घरात वाद होतो. माझं मत जेवणाच्या बाजूने, आणि त्याला बायबलमधल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाचा आधार आहे. सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा नियम आहे: मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. याच जातीच्या इतर यज्ञांना, शांत्यर्पणांना, दुसऱ्या दिवसापर्यंत सवलत आहे, या एकाला नाही. सोबत भाकरीही, खमीर घातलेल्या आणि न घातलेल्या. आता विचार करा, एका घराला एक आख्खं जनावर एका दिवसात संपेल का? शेजारीपाजारी, नातेवाईक, वाटसरू, सगळ्यांना हाक मारल्याशिवाय तो नियम पाळताच येत नाही. का ते तिथे लिहिलेलं नाही, पण मटणाचं पातेलं चुलीवर ठेवलेल्या कोणत्याही बाईला ते कळेल.

म्हणून सभेच्या दिवशी फ्रिजमध्ये काही ठेवायचं नाही, हा माझा नियम. रात्री दहाच्या आत पातेलं रिकामं. जे येऊ शकले नाहीत, ज्यांना यावंसं वाटलं नाही, त्यांच्याकडे डबे जातात.

त्या साक्षीनंतरच्या डिसेंबरात आमच्याकडे सभा होती. ताई आली नाही. मी डबा घेऊन गेले, दारातच उभी राहिले, आणि पाठ करून आणलेलं एकच वाक्य म्हणाले, “मी त्या दिवशी चुकीचं बोलले.” तिने डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाली, “खोबरं भाजून घातलंस का?” मी हो म्हणाले. एवढंच झालं. आठ दिवसांनी डबा परत आला, आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात शेंगदाण्याची चटणी होती.

डबा स्टीलचाच द्या, प्लास्टिकचे परत येत नाहीत. आणि भांड्याच्या दुकानातून त्यावर नाव घालून घ्या, म्हणजे तो कोणाकडे परत जायचा आहे ते कळतं.